माझ्या घरचं कोण बोललं?

या बाळांनो, जवळ या जरा. मोबाईल बाजूला ठेवा म्हणणार होते, पण तुम्ही मला त्यातच वाचताय, मग राहू द्या. फक्त एक करा — म्हातारीनं लिहिलंय, लांबलंय, म्हणून अर्ध्यात सोडून पुढच्या भुताकडं पळू नका. तुमची ती खोड मला ठाऊक आहे. माझा मुलगा संदीपही तसलाच. पुण्याला असतो, कंपनीच्या बसमध्ये बसून हा भुताखेतांच्या गोष्टींचा ग्रुप रोज वाचतो. त्यानंच मला इथं जोडून दिलं. "आई, तुझा टाइमपास होईल," म्हणाला. माझे मेसेज मात्र त्याला दोन-दोन दिवस दिसत नाहीत.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी देव्हारा रिकामा केला तेव्हा भानामती, उतारा, अंगारा सगळंच घराबाहेर गेलं. शेजारच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं, तिला मी म्हणायची, "बाई, आधी रक्त तपासून घे." शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं वाचणं मी वाण्याच्या पुड्या सोडून सोडून शिकले. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर छावणीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं एवढंसं अंगण, त्यात लिंबाचं झाड. लिंबाखाली एक बाज आणि दोन लोखंडी खुर्च्या. माझ्या मोरीवरची खिडकी बरोब्बर त्या झाडासमोर उघडते.

आमचे हे वाळूजला कंपनीत फिटर होते. रविवारी विहारात मुलांना वंदना शिकवायचे, धम्म समजावून सांगायचे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची. दुसरे मौलानासाहेब. मागच्या मशिदीत पोरांना सबक द्यायचे, पण लहानपण दर्ग्याच्या सावलीत गेलेलं, मनानं पक्के सूफी. आणि तिसरे दंडवतबाबा — महानुभाव पंथाचे संन्यासी. भेटेल त्याला "दंडवत" म्हणायचे, म्हणून पोरांनी हे नाव पाडलं. छावणीचा बाजार गुरुवारी, तेव्हा तेही गुरुवारी यायचे. दुपारी चारला तिघं लिंबाखाली.

सुरुवात भांडणानं झाली होती. हे म्हणाले, "मौलानासाहेब, तुमचं सगळं वरच्याच्या मर्जीवर. माणसानं करायचं काय मग?" मौलाना म्हणाले, "और तुम्हारे यहाँ तो ऊपर कोई हैच नहीं गुरुजी. फिर शिकायत किससे करते तुम लोग, म्युनिसिपाल्टी से?" आवाज चढले. दंडवतबाबा शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "दोघं आपापल्या घरचंच सांगताय. त्यात काय नवल? शेजाऱ्याच्या घरात काय शिजतं ते सांगता येतं का बघा."

तिथून नियम पडला. आपल्या घरचं आपण बोलायचं नाही. शेजाऱ्याच्या घरचं बोलायचं, आणि असं बोलायचं की तो म्हणाला पाहिजे — व्हय, हे माझंच. ज्याचं घर, तो गप ऐकणार. शेवटी सगळे थांबणार आणि त्याला विचारणार, काही चुकलं का? मग त्यानं दुरुस्त करायचं.

लई वर्षं चाललं हे. देव न मानणारे आमचे हे एकदा बाबांच्या घरचं बोलले. म्हणाले, "यांचा देव माणूस होऊन आला, नि गेला तो गेला. मागं राहिलेल्यानं त्याला आठवत राहायचं, कसा बसायचा, काय बोलायचा... तेवढंच काम." बाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, "काही चुकलं नाही गुरुजी." मी खिडकीतून ऐकत होते. चहा माझा, कान माझे, पण मला कुणी काही विचारायचं नाही. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं म्हणा.

मग हे गेले. झोपेतच गेले.

दोघं येत राहिले. एका गुरुवारी मौलाना म्हणाले, "भाभी, गुरुजीकी जगह खाली अच्छी नहीं लगती. तुम बैठो अब." मी म्हणाले, "मला काय कळतंय तुमच्यातलं." आत आले. आजही तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

पण त्या दिवशी चहा देताना एक विचारलं मात्र. "मी रोज भांडी घासताना ह्यांच्याशी बोलते. ते पोचतं का?"

मौलानांनी नियमाप्रमाणं आमच्या घरचं उत्तर दिलं — आत्मा नाही, तेव्हा पोचायला तिकडं कुणी नाही. ते मला माहीतच होतं. मी म्हणाले, "नियम ठेवा बाजूला. तुमचं तुमचं सांगा." दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "माई, घाईनं सांगायची गोष्ट नाही ही. पुढच्या गुरुवारी सांगतो."

तो गुरुवार आलाच नाही. बाबांना त्यांची माणसं सोयगावकडं घेऊन गेली, तिथंच ते वारले. मौलाना लेकीकडं हैदराबादला गेले, चार महिन्यांनी तेही गेल्याचं कळलं. माझा प्रश्न तसाच राहिला. आणि बोलणंही चालूच राहिलं, कारण दुसरं बोलायला होतं कोण?

आता ऐका. यंदा संक्रांत झाल्यावरचा गुरुवार. आठ दिवसांनी नळ आला होता, त्यामुळं सकाळपासून पाणी भरून कंबर मोडलेली. चारच्या सुमारास भांडी घासायला मोरीत बसले. लख्ख ऊन होतं, अंधार नाही की काही नाही. पाण्याची मोटार बंद केली आणि बाहेर बोलणं ऐकू आलं.

आधी वाटलं टीव्ही. मग दंडवतबाबांचा आवाज आला, "आज कुणाचं घर?"

आणि ह्यांचा. बेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज ओळखायला मला कुणाची साक्ष नको. "आज हिचं. खिडकीतल्या बाईचं. इतकी वर्षं चहा पाजला, हिच्या घरचं कुणी बोललंच नाय."

"हौ," मौलाना म्हणाले. "भाभी का तो पूछेच नहीं हम." मग तेच सुरू झाले, "भाभी हर जुमेरात को, बाजार के दिन, चार कप का पानी चढाते. फिर याद आता तो तीन कप वापस निकाल के रखते."

बाबा म्हणाले, "माई एका माणसासाठी दोनदा तवा तापवत नाही. सकाळची भाकरी रात्री ताकात कुस्करते. आणि खाताना समोर पाट मांडते."

माझ्या हाताला राख, तशीच पातेल्यासकट उठले. खिडकीतून पाहिलं. बाज रिकामी. खुर्च्या रिकाम्या. बोलणं मात्र तिथूनच येत होतं.

मग हे बोलले. "मंगळवारी न्हाणीत पडली. गुडघा सुजला. संध्याकाळी संदीपचा फोन आला, तर त्याला म्हणाली, मजेत आहे. नंतर भांडी घासताना मला सगळं सांगितलं. म्हणाली, तुम्हाला म्हणून सांगते, कुणाजवळ बोलू नका."

आणि बघा, खुशाल दोघांसमोर बोलले. जिवंतपणीही पोटात काही राहायचं नाही त्यांच्या.

मला हसू येत होतं. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "पण घट्ट आहे. एकटं राहायची सवय झाली तिला आता. कुणी नसलं तरी चालतं."

मग शांत. तिघंही गप.

मला कळलं, हे काय आहे. नियम. ज्याचं घर, त्यानं आता बोलायचं. ते थांबले होते. काही चुकलं का, एवढंच सांगायचं होतं मला. आणि मी पातेलं धरून नुसती उभी. किती वेळ गेला देव जाणे — तोंडात आलं म्हणून म्हणते, आम्ही देव मानत नाही. शेवटी मी "अहो..." म्हणाले. एवढंच निघालं. लिंबावरून एक साळुंकी उडाली. अंगणात काही नव्हतं.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून नजमाबीनं हाक मारली. "बाई, मेहमान आए थे क्या? मर्दाँ की आवाज आ रही थी. पत्ती-शक्कर लगी तो मांग लेना था." मी म्हणाले, "व्हय, आले होते." दुसरं काय सांगणार तिला?

मी लई विचार केला. म्हटलं, डुलकी लागली असेल, पण उभ्याउभ्या हातात पातेलं धरून कुणी झोपत नाही. बीपीची गोळी म्हणावी, तर नजमाबीनं कुठं खाल्ली होती माझी गोळी? आणि गुडघ्याचं मी कुणाजवळ, अगदी कुणाजवळ बोलले नव्हते. ह्यांच्याशिवाय. आजवर मला याचा उलगडा झालेला नाही. पोचतं का, याचं उत्तर मिळालं म्हणावं, तर आमच्या घरची शिकवण आडवी येते. नाही म्हणावं, तर गुडघा आडवा येतो.

पण दुरुस्ती राहून गेली ना. दर गुरुवारी चारला खिडकीशी उभी राहून मोठ्यानं सांगते, "अहो, बाकी सगळं बरोबर होतं, ते शेवटचं चुकलं." बाहेरून काही येत नाही. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही. म्हणून इथं लिहिते आहे, चार माणसांसमोर — मला सवय झालेली नाही. कुणी नसलं तर चालत नाही.

संदीप, बसमध्ये वाचत असशील तर घाबरू नको, गुडघा आता बरा आहे. न्हाणीत तेवढी धरायला दांडी बसवायची आहे, ते तुझ्याच हातचं काम. आणि तुम्ही बाकीचे, छावणीच्या बाजाराला आलात तर लिंबाचं घर कुणालाही विचारा. चहाचं आधण मी अजून चार कपांचंच चढवते. या की, फार दिवस लावू नका.