सातव्या बांधीच्या पुढं

बिनमतलबाचं कोणी कोणाच्या दारी येत नाई, हे माह्या मायचं म्हणणं. म्हणून सुशीलाबाई आमच्या दारी आली तवाच मी मनात म्हटलं, गोदावरी, डोळे उघडे ठेव.

आमच्या करडी गावात किरिस्ताव घर एकच, तिचं. माहेर लाखांदूरकडचं. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात आया म्हणून उमर काढली, नवरा वारला तरी गाव सोडलं नाई. रविवारी सकाळच्या एसटीनं चर्चमंधी जाये, अन् बाकीचे सहा दिवस गावभर. कोणाची बाळंतीण, कोणाची अंथरुणाले खिळलेली सासू, ही हजर. गालात तंबाखूचा खर्रा, आवाज फाटका, अन् तोंड असं का सरपंचाले बी उभ्या-उभ्या झाडे. साध्वी-बिध्वी काही नाई बाप्पा! मले तं तिचा रागच ये. एवढं करून हिले भेटते काय? काहीतरी असनच.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन सात-आठ साल झाले असन, तवाची ही गोठ. धानाची रोवणी चालू होती अन् मोनूचे बाबा, म्हणजे माहे मालक, भर वावरात, बांधीतच कोसळले. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाई, अन् तेही मले कधी नावानं हाक मारत नव्हते. 'मोनूची माय' म्हणत. आता तेही बंद झालं. डॉक्टर म्हणे, बोलणं आलं तं आलं. मोनू नागपूरले कंपनीत. त्या घरात मी एकटी बोले, अन् माह्याच आवाजाचं मले भेव वाटे.

दवाखान्यातून आणल्याच्या तिसऱ्या दिवशी सुशीलाबाई तेलाची शिशी घेऊन आली. विचारणं नाई, पुसणं नाई. "गोदा, गरम पाणी ठेव."

तिनं मालकांचं अंग पुसलं, कुशीवर वळवलं, हातापायाले तेल चोळलं. मी उंबरठ्यावर बसून तिच्या हातांवर नजर ठेवून. ती गेल्यावर उशी उचलून पाहिली, गोधडी झटकून पाहिली. काही पुस्तक, काही क्रूस? काहीच नाई. मंग तं मले अजूनच शंका आली.

जाताना ती दारात डोळे मिटून घडीभर उभी राहे. एक दिवस मी टोकलंच, "काय पुटपुटते व?"

"देवाले सांगून राहिली."

"आमच्या घरात आमचे देव हायेत."

"मंग तू तुह्याले सांग. दोघींनी सांगतलं तं काय बिघडते?"

माहा दीर केवळराम म्हणे, "वहिनी, पयले पाय दाबन, मंग गळा. दादाचा अंगठा कवा कागदावर घेईन, तुमाले पत्ता लागनार नाई." अन् अजून एक गोठ खटके. सुशीलाबाई मालकांच्या कानाशी लागून काही बोलली का हे डावा हात उचलत अन् माह्याकडं बोट करत. रोजच. मले वाटे, सांगून राहिले, हिले हाकल.

महिना-दीड महिना असा गेला. एक दिवस मी पाणी आणायले गेली अन् भिंतीआडून कान दिला. ती त्याईच्या कानात म्हणून राहिली होती, "चिचेची. म्हणा, भाऊ. मोहाची. लांबडी. बोडीखालची..."

अव माय! आमच्या बांध्यांची नावं! सातच्या सात, वरतून खाली जसं पाणी उतरते तशा, एकामागं एक. अन् मंग असा संताप आला का इचारू नोका. आत गेली, शिशी उचलली अन् अंगणात भिरकावली.

"जमीन पाहिजे काय तुले? निघ!"

"गोदा, आयक तं..."

"निघ म्हटलं ना!"

ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाई, तिसऱ्याही नाई. मालकांनी भिताडाकडं तोंड केलं ते केलंच, माह्या हातचा घास घेईनात. मी मनात म्हटलं, जमीन वाचली, अन् माणूस चालला.

चवथ्या दिवशी मी तेल चोळून राहिली होती. मले ते धड जमे बी नाई. त्याईचं तोंड हलायले लागलं.

"चि... चि... चिचेची."

माह्या हातची वाटी पडली.

"मो...हाची." थांबत, लाळ गाळत, सातही बांध्या झाल्या. सातवीच्या पुढं ते थांबले नाईत. डावा हात उचलला, माह्याकडं बोट केलं.

"गो...दा."

तीस वर्षांच्या संसारात त्याईनं माहं नाव घेतलं नव्हतं.

मी तशीच तेलाच्या हातानं सुशीलाबाईच्या दारी गेली. माफी मांगाची होती, पण तोंडातून निघाली ती शंकाच. "आमच्या बांध्यांची नावं तुले कोणं सांगतली?"

"तूच. रोज उंबरठ्यावर बसून रडे ना, चिचेचीत पाणी नाई, लांबडीतलं तण निंदाचं राहिलं. कास्तकाराची जीभ वावरावरच हालन, म्हणून तेच धरलं."

"अन् आज ते बोलले, त्यात माहं नाव काहून जोडलं व?"

"मी कायले जोडू? सातवी झाली का भाऊ रोज तुह्याकडं बोट करत. मी इचारलं, हे बी शिकाचं काय? तं डोळ्यातून पाणी. मंग शिकवलं."

ते बोट मी रोज पाहिलं होतं.

मी तिच्याच उंबरठ्यावर बसली अन् ओक्साबोक्शी रडली. तिनं रडू देलं. मंग गालातला खर्रा थुंकून उठली, घरातून दुसरी शिशी आणली.

"चाल. पाणी ठेवून आली का तशीच पळत आली?"