भावाची कासार आंबोलीतली खोली

माझा धाकटा भाऊ हिंजवडीला एका कंपनीत नोकरी करायचा. तिशी ओलांडली आणि त्याला आवाज ऐकू यायला लागले. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. कामावरून आला की खोलीच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवायचा आणि दिवा न लावता बसून राहायचा. पुढे नोकरी गेली, निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. आईवडील तोवर गेले होते. त्याचं म्हणून बघणारी मी एकटीच.

आजाराइतकंच आम्हाला जागेनं छळलं. हिंजवडीजवळच्या जांबे गावातल्या खोलीमालकानं खिडक्यांवरचे कागद पाहिले आणि खोली रिकामी करायला सांगितली. मग महाळुंग्याला नव्या सोसायटीत छोटी जागा मिळाली, तर लिफ्टमध्ये त्याला स्वतःशी बोलताना कुणीतरी पाहिलं. सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे फॅमिलीज राहतात." दर वेळी मी रिकाम्या बॅगा घेऊन जायची, त्याचे कपडे, कुकर, पुस्तकं भरायची. तो भिंतीला टेकून बघत राहायचा.

नंतर वर्षभर तो आमच्याकडे राहिला. माझ्या नवऱ्यानं हॉलमध्ये त्याच्यासाठी दिवाण टाकला, कधी कपाळाला आठी घातली नाही. तरी एकदा जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, मला इथे काही कमी नाही. पण कुणासमोर तरी सारखं बरं असल्यासारखं बसायचं, याचाच शीण येतो गं."

त्याच्या डॉक्टरांकडच्या समुपदेशक बाईंनी कासार आंबोलीच्या घराबद्दल सांगितलं. एका लहानशा संस्थेनं गावातलं जुनं घर भाड्यानं घेतलं होतं. तिथे चौघं पुरुष राहणार, प्रत्येकाला आपली खोली, स्वयंपाक पाळीपाळीनं करायचा. भाड्याचा मोठा वाटा संस्था उचलणार, आणि तिचा कार्यकर्ता रोज येऊन गोळ्या, जेवणखाण बघून जाणार. घराची मालकीण शेजारीच राहायची. साठीपुढची शेतकरी बाई. सगळे तिला आक्का म्हणायचे.

चौघं राहायला आले आणि आठवड्यातच गावातली काही मंडळी आक्कांच्या ओट्यावर जमली. मी भावाचं सामान लावायला गेले होते, म्हणून ते सगळं माझ्यासमोरच झालं. एक जण म्हणाला, "आक्का, आपल्या पोरीबाळी हायेत. हे येडे लोक कशाला आनून ठिवलेत हितं?"

आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माजा नवरा दारू पिऊन आख्ख्या आळीला शिव्या घालायचा. माज्या डोक्यात पाटा घातला व्हता त्यानं. तवा तुमी कुनी म्हनला न्हाई, घर सोडा म्हनून. का? तर घर आमचं व्हतं. ह्यांचं न्हाई, म्हनून ह्यांनी जायचं व्हय?"

लोक उठून गेले. पटलं म्हणून गेले की आक्कांच्या तोंडाला लागायला नको म्हणून, ते मला कळलं नाही.

दीड-एक वर्ष बरं गेलं. भाऊ जवळच्या नर्सरीत अर्धा दिवस रोपांच्या पिशव्या भरायला जायला लागला. मग आता आपण बरे झालो, असं वाटून त्यानं गुपचूप गोळ्या बंद केल्या. आवाज परतले. विहिरीत विष कालवलंय, असं त्याच्या मनानं घेतलं. एका सकाळी तो आक्कांच्या स्वयंपाकघरात शिरला आणि भरलेले हंडे, कळश्या, माठ, सगळं अंगणात ओतून दिलं. आक्कांची सून लेकराला घेऊन ओरडत बाहेर पळाली. माठ फुटला. कार्यकर्त्यानं येऊन त्याला गाडीत बसवलं आणि दवाखान्यात दाखल केलं.

तिसऱ्या दिवशी मी रिकाम्या बॅगा घेऊन कासार आंबोलीला गेले. कुणी सांगायच्या आधीच आवरून टाकावं, एवढंच डोक्यात होतं. आक्का दारात भेटल्या. मी माफी मागायला लागले, तर त्यांचं लक्ष बॅगांकडे.

"ह्या कशापायी आनल्यात?"

"सामान न्यायला. तुम्हाला खोली लागेल ना, आक्का."

"खोली त्याचीच हाय," त्या म्हणाल्या. "गादी उनात टाकलीया. सून लई भ्यालीय, ती चार दिस म्हायेरी गेलीय. येईल माघारी. मानूस दवाखान्यात गेलं म्हनून त्याचं घर मोडत्यात का?"

मी पायरीवर बसले आणि रडले. इतक्या वर्षांत मी रडले नव्हते. रडायला कुठे थांबताच आलं नव्हतं. आक्कांनी चहा आणून ठेवला आणि त्या जनावरांना पाणी पाजायला निघून गेल्या.

महिन्याभरानं भाऊ परत आला तो आक्कांच्या अंगणात नजर खाली घालून उभा राहिला. "आक्का, माठ फोडला तुमचा," एवढंच बोलला. "नवा आनलाय. आता तूच भरत जा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी तो त्यांचं पाणी भरतो. सून अजून त्याच्याशी फारसं बोलत नाही, पण लेकराला त्याच्याजवळ जाऊ देते.

तो पूर्ण बरा झालेला नाही, होणारही नाही. गोळ्यांनी हात थरथरतात, शब्द जड येतात. शिवाय आसपासची शेतं बंगल्यांसाठी विकली जातायत. आक्कांच्या मुलाचा विचार आहे की ही जागाही द्यावी. "मी हाय तवर न्हाई," असं आक्का म्हणतात. त्यानंतरचं माझ्या डोक्यातून जात नाही. मागच्या रविवारी मी भावाकडे विषय काढला, तर म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू, ताई. आज पिठल्याची पाळी माझी आहे," आणि कांदा चिरायला आत गेला.