ताडपत्रीतलं घर

लोणावळ्यात घर बांधताना मी सगळ्या नातेवाइकांना ऐकवून ठेवलं होतं की, जेवढी वीज वापरू तेवढी आमच्याच छपरावरच्या सोलरमधून काढू. एसी तर घेणारच नाही. त्यासाठी समोरासमोर मोठ्या खिडक्या ठेवल्या, आणि पावसाळ्याच्या तोंडावर इथल्या रिवाजाप्रमाणे त्याच खिडक्या निळ्या ताडपत्रीने बांधून टाकल्या.

ऑक्टोबर आला. ऊन तापलं, भिंतीतली ओल बाहेर यायला लागली, तरी ताडपत्री तशीच. रोज सकाळी मी एक गाठ सोडायचो आणि कुरवंड्याच्या घाटाकडे ढग दिसला की पुन्हा आवळायचो. पंखे दिवसभर गरगरत होते. आज वीज किती तयार झाली, किती संपली, ते मोबाइलवर बघत मी घरभर येरझाऱ्या घालायचो. आंदर मावळातून राहायला आलेली आई घाम पुसत माझ्याकडे बघत बसायची.

एका दुपारी ती म्हणाली, "मी उद्याच गावाला जाते बग. न्हाईतर तो एसी तरी आन."

"अगं, पाऊस परत आला तर?"

"आला तर पुसू की! घरात फडकं न्हाई व्हय?"

बायकोने कात्री आणून दिली. गाठी इतक्या आवळल्या होत्या की कापाव्याच लागल्या. वारा आरपार गेला आणि आई खिडकीखालीच आडवी झाली.

संध्याकाळी पाऊस आलाच. मी ताडपत्रीकडे धावलो, पण दोऱ्यांचे तुकडे झालेले. आईने उठून गादी हातभर आत ओढली.

"पंखा बंद कर लेका," ती म्हणाली. "गार लागतंय."