सगळ्या खात्यांचं एकच शेततळं

आदर्श शेतकरी व्हायला शेती चांगली असावी लागते, असा माझा बरीच वर्षं समज होता. रामकिसन थोरे भेटला आणि तो समज गेला. शेत हमरस्त्याला लागून असावं, पाच-सहा मोटारी वळायला जागा असावी, कडेला मोठा कडुलिंब असावा आणि घरात साहेब लोकांना दाखवण्याजोगा संडास असावा. एवढं असलं की माणूस आदर्श. रामकिसनचं शेत पाचोडच्या अलीकडे अगदी रस्त्याला चिकटून आहे. त्यामुळे हवामान बदलाला तोंड कसं द्यायचं हे बघायला दिल्लीहून जे पथक निघालं, ते त्याच्याच कडुलिंबाखाली येऊन थांबलं. आतल्या गावांत हवामान बदललं की नाही हे कुणी पाहिलं नाही, कारण तिकडचा रस्ता खराब आहे.

मी शहरात पुंडलिकनगरात राहतो. कॉलेजात भाषा शिकवून निवृत्त झालो आणि घरात बायकोच्या पायात पायात करण्यापेक्षा बरं म्हणून दुभाष्याचं काम धरलं. पथकाला मराठी येत नाही. रामकिसनला हिंदी येतं, पण पथकाचं हिंदी येत नाही. म्हणून प्रत्येक मोटारीत मागच्या सीटवर मी असायचो, आणि लिंबाखाली उतरलो की रामकिसन आधी माझ्याकडे बघून विचारायचा, "सर, आज कोणतं खातं हाय?"

खात्यांना त्यानं आपली नावं ठेवली होती. शेतीवाले, पाणीवाले, झाडवाले, उन्हवाले, आपत्तीवाले. ही सगळी दिल्लीत एकाच सरकारची माणसं. पण पाचोडला ती निरनिराळ्या देशांतून आल्यासारखी यायची. एकानं काय केलं ते दुसऱ्याला ठाऊक नसायचं, आणि सांगितलं तर राग यायचा. रामकिसनला मात्र सगळं तोंडपाठ होतं. शेतीवाल्यांपुढे थेंब वाचवायचा, पाणीवाल्यांपुढे थेंब मुरवायचा, उन्हवाल्यांपुढे डोक्याला पांढरा रुमाल बांधायचा. पथक गाडीतून उतरायच्या आत त्याचा इस्त्रीचा सदरा तयार. फोटोत मोठ्या साहेबाच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हेही त्याला कळायचं. प्रश्न विचारायच्या आधीच तो सांगून टाकायचा, "फायदा लई झाला, साहेब." कशाचा फायदा, हे पथकानं आपापल्या खात्याप्रमाणे लिहून घ्यायचं.

त्याची बायको दगडाबाई चहा ठेवताना पुटपुटायची, "पथकापुढं मोराचा नाच करतेत आन् माघारी बागंत जाऊन सुस्कारे टाकतेत."

बाग मोसंबीची होती आणि रामकिसनचा जीव त्या बागेत होता. पोरगा शिवम वाळूजला कंपनीत लागला, शिफ्टच्या बसने जातो-येतो, त्याला बागेचं सोयरसुतक नाही. झाडं लावली, वाढवली ती या दोघांनी. बोअरचं पाणी उन्हाळ्यात थोडा वेळ चालतं आणि गुळण्या टाकून बंद पडतं. ते रोजचं थोडंथोडं पाणी शेततळ्यात साठवायचं आणि मग बागेला ठिबकने द्यायचं, असा त्याचा हिशेब होता. शेततळं म्हणजे शेतात खणलेला मोठा चौकोनी खड्डा. पाणी जमिनीत जाऊ नये म्हणून त्याला आतून जाड प्लास्टिकचा कागद लावतात. कागद धड, तर तळं धड. तळं धड, तर बाग जिवंत.

हा कागद शेतीवाल्यांनी लावून दिला होता. पाटीही रोवली. पुढच्या वर्षी झाडवाले आले. त्यांना तळ्याच्या भोवतीचा मातीचा भराव उघडाबोडका दिसला, म्हणून त्यांनी त्याच्यावर बांबू लावले. हिरवाई वाढली, पाटी लागली. मग पाणीवाल्यांनी भरावाला खेटून चर खणला आणि आपली पाटी लावली. उन्हवाल्यांनी घराचे पत्रे पांढरे केले, आपत्तीवाल्यांनी त्यांच्यावर विजेची सूचना देणारा भोंगा बसवला. भोंग्याच्या पहिल्या चाचणीला म्हैस दावं तोडून पळाली. बांबूला मात्र पाणी मानवलं. त्याचे कोंब जमिनीखालून सरकले आणि सुईनं पापड टोचावा तसा त्यांनी तळ्याचा कागद टोचून काढला. तळं गळायला लागलं.

रामकिसन शेतीवाल्यांकडे गेला. ते म्हणाले, नुकसान बांबूनं केलं, झाडवाल्यांकडे जा. झाडवाले म्हणाले, बांबू शंभर टक्के जगला, आमचं काम फत्ते, गळतीचं पाणीवाल्यांना विचारा. पाणीवाले म्हणाले, कागदाचं तळं आमच्या व्याख्येत बसत नाही. आपत्तीवाल्यांनी सहानुभूती दाखवली. पण आपत्ती अचानक यावी लागते आणि ही हळूहळू आली होती. फेब्रुवारी सरला तशी झाडांची पानं दुमडायला लागली. आंबे बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना फुललेली मोसंबीची फळं हरभऱ्याएवढी होऊन गळत होती. "मे महिना निघायचा नाय सर," रामकिसन मला एकट्याला गाठून म्हणाला. "कागद बसला तर बाग जगंल, न्हाईतर सरपण."

त्याच सुमारास दिल्लीत कुणाच्या तरी लक्षात आलं की खात्यांमध्ये समन्वय नाही. म्हणून समन्वयासाठी एक नवीन कक्ष झाला. म्हणजे आधी पाच जण एकमेकांशी बोलत नव्हते, आता सहा झाले. आमच्या शहरात त्या कक्षाचा सल्लागार म्हणून सुयश नावाचा तरतरीत मुलगा आला. बोलायला गोड, कामाला वाघ, फक्त शेतात बूट भरले की अस्वस्थ व्हायचा. त्यानं ठरवलं की सगळ्या खात्यांचं एकत्र पथक आणायचं. कुठं, हे विचारायची गरजच नव्हती.

तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीत धांदल उडाली. कारण पाचही खाती प्रथमच एका वेळी त्या एकाच तळ्यापाशी उभी राहणार होती, आणि तळं कोरडं होतं. वरून निरोप आला: तळं भरा. सर्वांत जवळची पाण्याची विहीर म्हणजे शेजारच्या गीताबाईंची. भेटीच्या आदल्या दिवसापासून त्यांच्या विहिरीतून टँकर भरायचे आणि रामकिसनच्या तळ्यात ओतायचे.

गीताबाई रामकिसनच्या चुलतभावाची विधवा. दोघांच्या शेतांमधला बांध नक्की कुणाचा, यावरून भावकीत तंटा झाला आणि बोलणं बंद पडलं. लग्नकार्यातसुद्धा एक घर पंगतीच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. अशा बाईच्या विहिरीचं पाणी आपल्या तळ्यात पडताना बघणं रामकिसनला मरणप्राय झालं. तरी तो टँकरवाल्याला हात जोडून म्हणाला, "बाबा, तळ्यात नको, झाडांच्या आळ्यात सोड. मुळाला तरी लागंल." टँकरवाला म्हणाला, "मला तळ्याचा हुकूम हाय, काका."

पथक सकाळी यायचं होतं. पण शहरातल्या बैठकीत आधी समन्वय समितीचं अध्यक्षपद कुणाकडे यावर चर्चा झाली, मग ताफ्यात पुढं कोणाची गाडी यावर. मी चहाचे कप मोजत बसलो होतो आणि मला तळ्याचा तळ दिसत होता. दुपार कलल्यावर आम्ही पोचलो, तेव्हा तळ्यात ओला चिखल आणि मधोमध एक डबकं होतं. डबक्यात बगळा उभा होता. सुयशच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

रामकिसनला लिंबाखाली पुढं केलं. माईक आला. सगळ्यांना ठाऊक होतं तो काय बोलणार, मीही भाषांतर आधीच जुळवून ठेवलं होतं. पण त्यानं पथकाकडे पाहिलं, मग बागेकडे पाहिलं आणि तो आयुष्यात पहिल्यांदा पथकापुढं खरं बोलला. "साहेब, फायदा काय नाय. कागद फाटला. टाकलं तेवढं पाणी जमिनीत जिरून गेलं. काल टँकरनं भरलं व्हतं, आज बघा. मला फक्त कागद द्या."

मी एक शब्द न गाळता हिंदीत सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी होणार. आणि झालंच. पाणीवाल्यांच्या मोठ्या साहेबांचा चेहरा उजळला. एका रात्रीत एवढं पाणी जमिनीत मुरतं? म्हणजे हे तर भूजल भरणारं तळं. असं उदाहरण ते कधीपासून शोधत होते. झाडवाले म्हणाले, बांबूच्या मुळांमुळेच हे शक्य झालं. शेतीवाल्यांनी कागदाचा दोष टळला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. उन्हवाल्यांना ओल्या चिखलानं हवा गार झाल्याचं जाणवलं, आणि आपत्तीवाल्यांनी आपत्ती टळल्याचं लिहून घेतलं. पाच खात्यांचं एकमत मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. ठराव जागेवरच झाला: हे तळं भूजलासाठी, आणि यापुढे त्याला कागद टाकायला मनाई.

रामकिसनच्या गळ्यात हार पडला. तो फोटोसाठी हसला नाही. दगडाबाई ओसरीवरून म्हणाली, "खोटं बोललं तर पाटी मिळती, खरं बोललं तर हार. पाणी कशानं मिळतं ते इचारा की सर त्यांना." ते मी विचारलं नाही, कारण पथक गाड्यांत बसलं होतं. मला इतका संताप आला होता की परतीच्या वाटेवर मी कुणाशी बोललो नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एप्रिलच्या मध्याला सुयशचा फोन आला. यशोगाथेची फिल्म करायची होती. तळ्याचं पाणी मुरतं हे ठीक, पण ते कुठं गेलं याचा पुरावा हवा. आम्ही कॅमेरा घेऊन गेलो. बागेच्या वरच्या अंगाच्या ओळी वाळून काटक्या झाल्या होत्या. खालच्या ओळींत थोडी धुगधुगी होती. रामकिसन दाढी वाढवून लिंबाखाली बसला होता, सदरा चुरगळलेला. तो नुसता उठून मागे आला.

आसपास पाणी असलेली विहीर एकच. सुयशनं बांध ओलांडून गीताबाईंना कॅमेऱ्यापुढं उभं केलं आणि विचारलं, पाणी वाढलं का? गीताबाई पदर सावरून म्हणाल्या, "वाढलं तर. त्या दिशी टँकरनं माझी हीर उपसून नेली, आन् दोन दिसात पुन्हा व्हती तेवढी झाली. तळ्यात पाणी पडलं की माझी हीर चढतीच. मला दिवाळीपासून ठाऊक हाय." सुयश आनंदानं टाळी वाजवायचा तेवढा राहिला. म्हणजे पाणी गीताबाईंच्या विहिरीतून टँकरनं तळ्यात आलं आणि जमिनीखालून चालत घरी परत गेलं. पाच खात्यांनी मध्ये उभं राहून त्याचा सत्कार केला.

रामकिसन बांधाच्या अलीकडेच उभा होता. त्यानं हे ऐकलं. कित्येक वर्षांत प्रथमच तो त्या बाजूला तोंड करून बोलला.

"वहिनी, माझ्या बोअरचं पाणी तुमच्या हिरीत येऊ राहिलं आन् तुमी बोलला नाय?"

"तुमी बोलत नव्हता भाऊजी. म्या कामून बोलू?"

"माझी बाग जळाली."

"ती दिसती की मला हितून. रोज दिसती." गीताबाईंनी वाळल्या ओळींकडे हात केला. "तुमी पाण्यासाठी दिल्लीवाल्यांपुढं हात जोडले, टँकरवाल्यापुढं जोडले. हा बांध ओलांडून एकदा आला असता तर म्या नाय म्हणले असते का?"

तोपर्यंत माझा सगळा राग दिल्लीवर होता. त्या क्षणी तो निम्मा या दोघांवर आला. दगडाबाई कधी आली कळलं नाही. ती म्हणाली, "खालची झाडं अजून हायेत जाऊबाई."

"मंग बघत काय बसलाय? पाइप टाका बांधावरून," गीताबाई म्हणाल्या. "बांध कुणाचा ते मागून बघू."

रामकिसन ठिबकचा जुना काळा पाइप ओढत धावला. साठीचा माणूस धावताना दोनदा अडखळला. गीताबाईंनी मोटार चालू केली आणि पाइप सापासारखा फुगत बांधावरून पलीकडे गेला. पहिल्या आळ्यात पाणी पडलं तेव्हा रामकिसन तिथंच मातीत बसला आणि तोंडावर टॉवेल धरून रडला. माझेही डोळे भरले, सांगायला लाज कशाची.

सुयश कॅमेऱ्यातून बघत होता. भला मुलगा, पण त्याच्या कपाळाला आठी पडली. बांध, विहीर, बांबू, तळं, सगळं चौकटीत बसत होतं. हा पाइप मात्र कुठल्याच खात्याचा नव्हता. फिल्ममध्ये तो दिसला तर कुणीतरी विचारणार, हा कोणत्या योजनेतून? त्यानं हळूच विनंती केली की शॉट होईपर्यंत काका, पाइप जरा बाजूला घ्याल का?

आजवर रामकिसन पथक सांगेल तिथं उभा राहिला होता, सांगेल तिकडे वळला होता. त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, पाइपचं तोंड दुसऱ्या झाडाच्या आळ्याकडे वळवलं आणि मान वर न करता म्हणाला, "साहेब, तुमीच जरा बाजूला व्हा. पाणी चालू हाय."

सुयश बाजूला झाला.