दरबाराच्या पाठीवर चिकटलेलं पोस्टर

अन्याय झाला तो भामरागडच्या पुढे, नदीपलीकडच्या एका गावातल्या बायकांवर. कधी झाला तेही नेमकं सांगते. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात, चंद्रपुरातल्या एका कॉलेजच्या परिषदेत, दुपारचं जेवण उरकलं होतं आणि बक्षिसं वाटायला सुरुवात व्हायची होती, त्या मधल्या वेळात. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की हे गाव जंगलातून काय काय आणून खातं, यावर कोणीतरी अभ्यास केला होता. त्याचं फ्लेक्सचं पोस्टर सकाळी भिंतीवर होतं. दुपारी ते टेबलावर अंथरलेलं होतं आणि त्यावर चहाचा कॅन होता. बायकांच्या फोटोंवर, थेट तोंडांवर.

गावातली एक बाई ते पोस्टर बघायला मुद्दाम आली होती. तिने कॅन बाजूला सरकवला, सांडलेला चहा पदराने पुसला आणि पोस्टर मागितलं. "विभागाकडे जमा राहील," असं तिला सांगण्यात आलं. जमा झालंही. पुढे मी त्या विभागात चौकशीला गेले तेव्हा ते मागच्या व्हरांड्यातल्या कूलरवर सुतळीने बांधलेलं होतं. याला ते लोक जतन म्हणतात.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे आणि वाटायचे. वनहक्काची, रस्त्याची, बंद पडलेल्या एसटीची. एम.ए.ला नाव घातलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. तोच अभ्यास नव्याने करायचा आणि या वेळी नीट करायचा, असं ठरवून मी त्या गावात परवानगी मागायला गेले.

"पह्यलेचा पोस्टर कुठी हाये?" त्याच बाईने भर ग्रामसभेत विचारलं.

"कूलरवर."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. आपसात माडिया बोलीत बरंच बोलणं झालं, मग ती माझ्याकडे वळली. "करू देतो तुले. पन फ्लेक्स नाई पाह्यजे. फ्लेक्स दिसला का कोनी सरपनावर टाकते, कोनी मोहाखाली फुलं येचाले अंथरते. कागदाचा कर. आन पोरी सुट्टीत घरी आल्या का तवा इथी लागला पाह्यजे."

या पोरींचं प्रकरण समजून घ्या. त्या आश्रमशाळेत राहतात. उन्हाळ्यात घरी येतात आणि पाऊस लागायच्या सुमारास परत जातात. म्हणजे वारुळावर सात्या फुटतात, ती पांढरी अळंबी काढायला आया पहाटे निघतात, बांबूचे कोवळे कोंब आणतात, तेव्हा पोरी दूरच्या वर्गात बसून सफरचंदाचं चित्र रंगवत असतात. पावसाळा त्यांना माहीत आहे, त्यातलं गावातलं जेवण नाही. बायकांना पोस्टर हवं होतं ते एवढ्यासाठी. मीही त्यांच्याच बोलीत "आणतो" म्हणून शब्द दिला.

कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक सरांशी पहिली लढाई शीर्षकावरून झाली. मी लिहिलं होतं, "रस्ता बंद, चूल चालू!!!"

"ही घोषणा आहे," सर म्हणाले. "शीर्षक नाही."

"खरं आहे की नाही ते सांगा."

"खरं आहे. उद्गारचिन्हं काढ."

"एक तरी राहू द्या, सर."

"एकही नाही."

दुसरी लढाई नकाशावरून. सरांना प्रत्येक सात्याचं वारूळ नकाशावर टिंबाने हवं होतं. बायकांनी साफ नकार दिला होता: काय खातो ते लिही, कुठी सापडते ते नाई. मागे कोणीतरी जागा सांगितली आणि दुसऱ्या वर्षी बाहेरच्या गाड्या येऊन सगळं खरवडून गेल्या, असं त्या म्हणत. मी सरांना म्हटलं, टिंबं टाकलीत तर माझं नाव काढा. सर चिडले, चष्मा पुसत बसले, आणि शेवटी नकाशाच्या जागी त्यांनी स्वतःच एक वाक्य लिहिलं: "गावाच्या इच्छेनुसार ठिकाणे दिलेली नाहीत." मला ते वाक्य माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा आवडलं. सरांना मी हे सांगितलेलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात तीच परिषद, तोच हॉल. बाई आदल्या दिवशी आली आणि माझ्या खोलीवर उतरली. सकाळी उठून मी जे केलं ते मी कुठलंही पोस्टर लावायच्या दिवशी करते: गॅसवर मैद्याची खळ शिजवली, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं, डबा भरला. हॉलमध्ये आमच्याआधी कोणी नव्हतं. कापडाने मढवलेले उंच बोर्ड रांगेत उभे होते, प्रत्येकाखाली पिनांची एक डबी. त्या पिना छातीवरच्या बिल्ल्यांसाठी असतील असं मला वाटलं. माझ्या हाताला पोस्टर म्हणजे खळ एवढंच ठाऊक. मी ब्रश फिरवला, बाईने मधून कडेकडे तळहात दाबत नेला.

"फुगा राहू देऊ नोको," ती म्हणाली.

एकही राहिला नाही. शंभर मोर्चे पाहिलेल्या भिंतीवर बसावं तसं ते बसलं.

इतर पोस्टरवाले आले, पिना टोचू लागले. एका मुलीने आमच्याकडे पाहिलं, मग आपल्या पिनांकडे पाहिलं, पण आमची चूक दाखवली नाही. देव तिचं भलं करो.

परीक्षक आले. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी बाईला विचारलं, "नकाशा कुठाय? या सात्या नेमक्या मिळतात कुठे?"

"सांगतो नं," बाई म्हणाली. "पावसाळाभर राहा आमच्या इथी. रस्ता बंद झाला का मंग दाखवतो."

परीक्षक हसले. बक्षीस मिळालं नाही. त्याचं काही वाटलं नाही, कारण चार वाजता पोस्टरं उतरवायची सूचना झाली आणि आमचं उतरेना. कोपरा उचलला तर कागद फाटायला लागला. आयोजक धावत आले. "फाईल वेबसाइटवर ठेवली आहे ना, मग कागद फाटला तरी काय बिघडलं?" ज्या गावात फोन लावायला टेकडी चढावी लागते, त्या गावाच्या बाईसमोर हे वाक्य! मी बोर्डाला पाठ लावून उभी राहिले.

बोर्ड भाड्याचे होते. मालक वडशाचे एक चाचा, मंडप डेकोरेशनवाले. हिवाळाभर त्यांचा माल झाडीपट्टीच्या नाटकांना जातो. ते बोर्ड न्यायला आले, आमच्यासमोर थांबले आणि कमरेवर हात ठेवले.

"बेटी, ये क्या कर दिया? पिना होत्या ना?"

"चाचा, फाडू नका. मी शब्द दिलाय."

"अरे, पन ही माझी दरबाराची भिंत हाये!" त्यांनी बोर्ड फिरवला. मागच्या अंगाला खरंच दरबार होता. लाल खांब, सोनेरी कमान, दोन वाघांची तोंडं. "उद्या राती प्रयोग हाये. राजा कुठी बसन? तुझ्या भाजीसमोर?"

बाईने दरबार निरखून पाहिला. "राजा तिकडून बसू दे. आमी इकडून राह्यतो."

चाचा आधी मोठ्याने हसले, मग म्हणाले, "हिचं बरोबर हाये. सीझन संपेपर्यंत मले लागते. मंग घेऊन जा. पन मी विसरलो तर आठवन देत जा." आयोजकांकडे वळून ते म्हणाले, "बोर्ड माझा हाये. तुमी जा."

आठवण मी इतक्या वेळा दिली की त्यांनी माझा नंबर "खळवाली" नावाने सेव्ह केला. पोस्टर गावोगाव फिरलं. पुढून प्रेक्षकांना दरबार, मागून विंगेत उभ्या नटांना आमच्या सात्या. एकदा फोनवर चाचा वैतागून म्हणाले, "काल हिरोईनची एन्ट्री चुकली ना तुझ्यामुळे! वाचत बसली होती. विचारून राह्यली, कुड्याच्या फुलाची भाजी कडू लागते का?" संशोधनाला याहून चांगला वाचक कुठे मिळतो ते मला परीक्षकांनी सांगावं.

होळी झाली. मोहफुलं संपत आली. आश्रमशाळेला सुट्टी लागायची वेळ आली आणि बोर्ड अजून वडशातच. मग एका सकाळी चाचांचाच फोन आला. लग्नाचा मंडप घेऊन टेम्पो गावाच्या वाटेवरच्या आलापल्लीला निघाला होता आणि त्यात दरबार होता. मी आणि बाई आलापल्लीला जाऊन थांबलो, तिथून जीपच्या टपावर बोर्ड बांधून गावात आणला. वाटेत लोक जीप थांबवून विचारायचे, नाटक कुठी हाये म्हणून. बाई म्हणायची, "आमच्या गावी. रोज."

ग्रामसभेच्या खोलीत तो उभा केला तेव्हा पोरी येऊन पोचल्याच होत्या. आधी सगळ्या दरबाराच्या बाजूला जमल्या, हे मान्य करते. वाघांशेजारी फोटो काढून झाले, मग त्या मागे आल्या. एकीने चित्रावर बोट ठेवून कोंबांची भाजी कशी करतात ते विचारलं, दुसरीने वाचलं, "ठिकाणे दिलेली नाहीत," आणि आईला विचारलं, "काऊन?"

आईने तिला माडियातून काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. मग त्या मायलेकी जंगलाच्या वाटेने गेल्या. पाऊस नव्हता, सात्या नव्हत्या, पण वारूळ उन्हाळ्यातही जागेवरच असतं.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या विभागात, कपाटावर, पलंगाखाली, कूलरवर गुंडाळलेली पोस्टरं आहेत. कोणाच्या तरी गावाची, कोणाच्या तरी चुलीची. ती उतरवा. धूळ पुसा. ज्या गावाची आहेत त्या गावात स्वतः नेऊन लावा, आणि पाऊस लागून रस्ता बंद व्हायच्या आत लावा.