शेवटच्या रांगेतले काका

चारुदत्त सोहोनींनी नोकरीची सगळी वर्षं पुण्याच्या पाणीपुरवठा खात्यात वॉल्व्ह सोडण्या-बंद करण्यात घालवली. कुणाकडे काही मागायची त्यांना सवय नव्हती. पण या जानेवारीत न्यूझीलंडला ते मागायलाच आले होते. एप्रिलात मुलाने, हरीशने, आईच्या वर्षश्राद्धाला घरी यावं, एवढंच. अग्नी पुतण्याने दिला होता. निदान हे तरी मुलाच्या हातून व्हावं.

हरीश क्वीन्सटाउनला टूरची व्हॅन चालवायचा, गाइडही तोच. मुलांना भेटायला आलेल्या मराठी आईवडिलांमध्ये त्याला भारी मागणी. पंधरवडा उलटला तरी बापलेकांना निवांत बोलायला मिळेना. शेवटी हरीशच म्हणाला, "बाबा, उद्या एक सीट कॅन्सल झालीय. चला. फक्त माझे वडील आहात हे बोलू नका हं, सीझनमध्ये घरची माणसं आणलेली ऑफिसला चालत नाही. मी काका म्हणेन."

"म्हण," चारुदत्त म्हणाले.

ते शेवटच्या रांगेत बसले. कवाराऊ नदीच्या घळीत खोल खाली निळंहिरवं पाणी उसळत होतं. हरीश माइकवरून किस्से सांगत होता आणि व्हॅन हसत होती. सोनं शोधणाऱ्यांच्या जुन्या गावात दगडी घरांपुढे त्याने सगळ्यांचे फोटो काढले. "शेवटचे काका, हसा की जरा! घरी काकू ओरडतात काय?"

तोंडात बसलेला विनोद होता तो. बोलून गेल्यावरही हरीशच्या लक्षात आलं नाही. चारुदत्त हसले.

लॅव्हेंडरच्या शेतात जांभळ्या ओळींवर मधमाश्या घोंघावत होत्या. एका बाकापाशी हरीशने आवाज खाली आणला. "माझ्या आईला मी इथे आणलं होतं. याच बाकावर बसली होती. म्हणाली, हरू, आता काही बघायचं राहिलं नाही. घरी परतली आणि गेली."

चारुदत्तांच्या बायकोने, अनुराधाबाईंनी, विमान आतून कधी पाहिलंच नव्हतं. व्हिसा आला, लोकरीचे मोजे घेऊन झाले, आणि त्यांनी अंथरूण धरलं.

बायकांनी डोळे पुसले. मुलीकडे न्यूझीलंडला आलेल्या सुलभाताई चारुदत्तांना म्हणाल्या, "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं हो!"

"त्याच्या बापाला विचारायला हवं," चारुदत्त म्हणाले.

संध्याकाळी सगळ्यांना हॉटेलांवर सोडल्यावर व्हॅनमध्ये दोघेच उरले. घरापाशी गाडी लावताना हरीश म्हणाला, "रागावलात? सगळ्याच ट्रिपला सांगतो मी ते. लोक हळवे होतात, रिव्ह्यू चांगले देतात. आईला आता काय फरक पडतो?"

 पुण्याहून घोळवत आणलेलं वाक्य चारुदत्तांनी एकदाचं बोलून टाकलं.

"एप्रिलात वर्षश्राद्ध आहे. येशील?"

"एप्रिल? बाबा, तेव्हा इथे पानगळ बघायला ही गर्दी! तुम्ही उरकून घ्या ना. मी व्हिडिओवर असेन."

"व्हिडिओही नको." चारुदत्त सीटचा पट्टा सोडवत म्हणाले, "तू आला होतास असं सांगेन मी सोसायटीत. तुझ्याइतकं रंगवून जमणार नाही, पण सांगेन."