चमेलीला कुणी काय घातलं?

जयवंताबाईचा स्वभावच संशयी. हरभरेवाल्यानं पोतं उघडलं की ती वरचे दाणे कधी घ्यायची नाही. कोपरापर्यंत हात खुपसून तळातले काढायची, हुंगायची, दाताखाली फोडायची आणि तोंड वाकडं करून म्हणायची, "भिजलेले दिसतात." भिजलेले नसायचे हो! पण अख्ख्या काचीगुड्यात आपल्याला आजवर कुणी फसवलं नाही ते ह्यामुळंच, असं तिचं म्हणणं. आणि तिच्याशी वाद कोण घालणार?

सासरचे लोक मूळ नांदेडकडचे. शेती सोडून सासऱ्याचे वडील हैदराबादेत टांगा हाकायला आले. टांगे गेले, घोडे राहिले, ते वरातीला लागले. नवरा विजय गेला तेव्हा जयवंताच्या पदरात एक पांढरीशुभ्र घोडी टाकून गेला. चमेली. लोक म्हणाले, विकून टाक. हिनं उलट पदर खोचला आणि लगाम स्वतःच्या हातात घेतला. पुढं मरफ्याचे ढोल दणदणताहेत, पोरं नाचताहेत, नवरदेव वर बसलाय आणि घोडी धरलीय नऊवारीतल्या बाईनं, हे बघायला शादीखान्याच्या दारात गर्दी व्हायची. चमेली उभी तर जयवंताची चूल पेटलेली, इतकं सरळ होतं सगळं. दुसरा आधार नव्हता.

चमेली बांधलेली असायची धाकट्या दिराच्या, दत्तोबाच्या छपराखाली. शेजारी त्याचा स्वतःचा घोडा, बादल. दत्तोबा सुरुवातीलाच एकदा म्हणाला होता, "वहिनी, तुम्हाला नाही झेपायचं. घोडी मला द्या, सांभाळतो." झालं! ते वाक्य जयवंतानं मनात पक्की गाठ मारून ठेवलं. ह्याचा डोळा आहे चमेलीवर.

दत्तोबाचा एक रिवाज होता, बापाकडून आलेला. दिवस कलला की तो घमेल्यात गोवऱ्या पेटवायचा, वर कडुलिंबाचा ओला पाला टाकायचा आणि छपरात धूर कोंडायचा. शेवटी खिशातून एक पुडी काढून चिमूटभर काहीतरी निखाऱ्यावर सोडायचा. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी तिनं विचारलंच, "काय हो ते पुडीत?"

दत्तोबा थट्टेखोर. डोळे मिचकावून म्हणाला, "जादू आहे वहिनी. कायकू पूछते?"

अरे बाबा, कुणाची थट्टा करावी ह्याचा काही पोच? नेमकी त्याच वेळी चमेली खोकली. जयवंताला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दावं सोडलं, जागा अपुरी पडते असं जावेला, भाग्यलक्ष्मीला, तोंडदेखलं सांगितलं आणि घोडी घेऊन थेट अंबरपेटच्या पलीकडं, मुसीच्या काठाशी गेली. तिथं यादम्मा नावाच्या बाईची मोकळी जागा होती. यादम्मा डुकरं पाळायची. बाजूला पाणी साचलेलं, त्यात बगळे उभे. हवा गार, दिराचा धूर नाही, पुडी नाही. जयवंताला हायसं वाटलं.

यादम्मा म्हणाली, "अम्मा, इथं दोमलु फार." दोमलु म्हणजे डास. जयवंताला वाटलं, ही भाडं वाढवायला काहीतरी बोलतेय. "डास कुठं नाहीत?" म्हणून तिनं उडवून लावलं.

नवरात्र तोंडावर आलं आणि चमेलीनं तोंड फिरवलं. हरभरा नको, गवत नको. अंग तापलेलं. खालचा ओठ लोंबायला लागला, मागचे पाय एकमेकांत अडखळायला लागले. साधं भांडं वाजलं तरी घोडी थरथरायची. जयवंताची खात्रीच पटली. हे त्या पुडीतलं विष आहे, आता अंगात भिनलं. आणि घालणार कोण? ज्याचा डोळा तोच! तिकडं त्याचा बादल बघा, टुणटुणीत! तो कसा नाही पडला आजारी?

आणि ती गप्प बसली असती तर जयवंता कसली. मरफेवाल्यांच्या अड्ड्यावर जाऊन उभ्या उभ्या सांगून आली, "दत्तोबाच्या छपरात घोड्याला काय घालतात ते मला विचारा." अशी बातमी काय पडून राहते होय? तुळशीच्या लग्नानंतरची एक मोठी बारात दत्तोबानं घेतलेली होती. चिक्कडपल्लीच्या त्या लोकांनी बादल नको म्हणून निरोप पाठवला. का, ते दत्तोबाला मरफेवाल्यांनीच सांगितलं.

मग एका सकाळी चमेली बसली ती उठेचना. जयवंता धाय मोकलून रडली. यादम्मानं कुणाकडून तरी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मृण्मयी त्यांचं नाव, पुण्याच्या, वयानं अगदी कोवळ्या. जयवंतानं त्यांच्याकडंही आधी संशयानंच पाहिलं. सलाइनची बाटली उलटीसुलटी करून तारीख बघितली. त्यांचं तपासणं चाललेलं असतानाच यादम्माचा निरोप मिळून दत्तोबा आला. डोक्यावर पेंढ्याचा भारा, खांद्यावर दोर आणि मच्छरदाणीचं कापड.

"हात लावू नका तिला!" जयवंता किंचाळली. "अजून काय घालायचं राहिलंय?"

दत्तोबा जिथल्या तिथं थांबला. सगळे बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणी काय घातलं?"

मग जयवंतानं धूर, पुडी, बादल, सगळं घडाघडा सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, रक्त तपासायला पाठवतेय, पण मला हा जपानी मेंदूज्वर वाटतो. ह्याचे विषाणू बगळ्यांच्या आणि डुकरांच्या रक्तात वाढतात. त्यांना बघून काही कळायचंही नाही. डास त्यांना चावतो आणि तोच घोड्याला चावला की ताप थेट मेंदूत चढतो. एका घोड्याकडून दुसऱ्याकडं हा जात नाही, घोड्यापाशी येऊन त्याची वाट संपते. लस मिळते, तुम्ही टोचली नव्हती. घोडी इथं कधीपासून बांधताय?"

"भाद्रपदापासून," जयवंता म्हणाली. आवाज आपोआप खाली आला.

"आणि आधी?"

उत्तर यादम्मानं दिलं, "ह्यांच्याकडं," आणि दत्तोबाकडं बोट केलं.

"तिथं डुकरं आहेत? तळं?"

"नाही," दत्तोबा म्हणाला. "संध्याकाळी लिंबाचा धूर करतो. वर पुडीतला थोडा ऊद टाकतो."

"धुरानं सगळे डास जात नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तिथं हिला एवढा धोका नव्हता."

जयवंताला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. चमेलीला इथं आणून कुणी बांधलं होतं? तिनंच की. स्वतःच्या हातानं. ती दत्तोबाकडं बघूच शकली नाही. दत्तोबानं भारा खाली ठेवला, पेंढा पसरला आणि डॉक्टरीणबाई सांगतील तसं घोडीला कुशीवरून कुशीवर वळवायला खाली बसला. पुढंही रोज यायचा, मच्छरदाणी ताणायचा, गुळाचं पाणी पाजायचा आणि जायचा. जयवंता बोलायला तोंड उघडायची, तर तो घोडीशीच बोलायला लागायचा.

रक्ताचा निकाल आला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तोच. आणि चमेली वाचली हो! बरेच घोडे वाचत नाहीत, ही वाचली. मागचा एक पाय ओढत का होईना, उभी राहिली. दिवाळीनंतर जयवंतानं तिला हळूहळू चालवत दत्तोबाच्या छपराखाली परत आणलं. खुंट्याची जागा झाडून ठेवलेली होती. चमेलीला बांधून ती दिराच्या घरात शिरली. माफी मागायची असं रस्ताभर घोकत आली होती, पण उंबरा ओलांडल्यावर नुसतं "भावजी" एवढंच तोंडातून निघालं.

"बसा वहिनी," दत्तोबा म्हणाला. भाग्यलक्ष्मीनं चहा आणून तिच्यासमोर ठेवला आणि आत गेली.

दत्तोबानं हात पुढं करून तिचा कप उचलला. त्यातला थोडा चहा बशीत ओतला, तिच्यासमोर पिऊन दाखवला आणि कप पुन्हा तिच्याकडं सरकवला.

"घ्या आता," म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. जयवंतानं कप उचलला. तिनं तो चहा शेवटपर्यंत प्यायला.